म्हातारपणाच्या दोन काठ्या

"आता या वयात कशाला दगदग करता? बसा निवांत." हे वाक्य आपण आई-बाबांना अगदी प्रेमाने ऐकवतो. माझं स्पष्ट मत आहे की थकत चाललेल्या माणसाला याहून वाईट सल्ला देता येणार नाही.

निवांत बसलं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, चाल मंदावते, तोल डळमळतो. मग पडायची भीती बसते, म्हणून चालणं आणखी कमी होतं आणि स्नायू आणखी झिजतात. आमच्या धंद्यात याला इन्फिनिट लूप म्हणतात! गंमत सोडा, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यांत सर्वांत जास्त असतात ती साठीच्या पुढची.

हा लूप तोडायचा एक साधा मार्ग फिनलंडमध्ये सापडतो. तिथले स्कीइंगचे खेळाडू बर्फ नसलेल्या दिवसांत हातात काठ्या घेऊन सराव करायचे. १९९७ साली एक्सेल या फिनिश कंपनीने खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या बाजारात आणल्या आणि खेळाडूंचा सराव आजी-आजोबांपर्यंत पोचला. यालाच नॉर्डिक वॉकिंग म्हणतात.

यात काठी आपल्या नेहमीच्या काठीसारखी पुढे टेकवून तिच्यावर रेलायचं नसतं. उजव्या पायाबरोबर डावी काठी, डाव्याबरोबर उजवी. टोक मागच्या बाजूला तिरकं टेकवायचं आणि जमीन मागे रेटायची. त्यामुळे दंड, खांदे, पाठ सगळे कामाला लागतात आणि त्याच वेगाने चालूनही व्यायाम जास्त होतो. शिवाय दोन पायांच्या जोडीला जमिनीवर आणखी दोन टेकू मिळतात. एका काठीने माणूस एका बाजूला झुकतो, दोन काठ्यांनी ताठ चालतो.

आता विक्रेत्यांबद्दल. "गुडघ्यावरचा भार ३० टक्के कमी!" असली जाहिरात दिसली तर सोडून द्या. सपाट जमिनीवर प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या अनेक अभ्यासांना असं काही आढळलेलं नाही. तसंच, नुसत्या चालण्याने पडणं टळतं याला भक्कम पुरावा नाही. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण त्यात मुख्य वाटा तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या व्यायामांचा होता. म्हणजे काठ्यांनी घराबाहेर काढायचं आणि घरी आल्यावर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. दोन्ही हवं.

"पण लोक हसतील हो!" हा खरा अडथळा. मंडळी, आपण स्वतः काय करतो? शनिवारी राजमाचीला जाताना दोन्ही हातांत ट्रेकिंग पोल असतात, फोटोही काढतो. पस्तिशीत ती स्टाईल आणि पंचाहत्तरीत मात्र लाज? काठी म्हणजे हार, हे त्यांच्या डोक्यात आपणच भरवलंय. "बाबा, काठी नको, म्हातारे दिसता" हे बोलणारे आपणच ना?

दुसरी सबब फुटपाथची. ती खरी आहे. उखडलेल्या फरशा आणि त्यावर लावलेल्या बाइक्स यांतून चार पायांनीही वाट निघत नाही. त्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागायलाच हवं, पण तोवर सोसायटीचं आवार आहे, बाग आहे, मैदान आहे. दहा मिनिटांनी सुरुवात करता येते.

मात्र ऑनलाईन ऑर्डर केली, कुरियर घरी पोचलं, कर्तव्य संपलं, असं समजू नका. आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना चक्कर येते किंवा वॉकरशिवाय उभं राहता येत नाही, त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीशिवाय हे करू नये. काठी उभी धरल्यावर कोपर साधारण काटकोनात आलं पाहिजे. डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी बूच हवंच. आणि पहिले काही आठवडे शेजारी कुणीतरी चालायला हवं.

ते 'कुणीतरी' म्हणजे आपण. मुलं म्हणजे म्हातारपणाची काठी, असं आपल्याकडे म्हणतात. दर महिन्याला पैसे पाठवून ती काठी होता येत नाही. या रविवारी लॅपटॉप मिटा आणि त्यांच्याबरोबर दहा मिनिटं चाला, त्यांच्या वेगाने.