कजाग कोण?

'कजाग' हा शब्द आपल्याकडं बाईसाठीच राखून ठेवलाय. कजाग सासू, कजाग सून, कजाग नणंद. कजाग सासरा कुणी ऐकलाय? बाप्यानं आवाज चढवला की तो करारी, रोखठोक.

आधी शब्दाचं मूळ बघू. पुष्कळांना वाटतं, कजाग हा 'कज्जा'वरून आला. पण कज्जा निराळा. तो अरबी 'कजिया', म्हणजे दावा, तंटा. कजागचं मूळ तुर्की 'कझाक'. कझाकस्तान हे नावही त्याच मुळातलं. आधी अर्थ होता मोकळा, भटका माणूस. पुढं फारसी-उर्दूत तो झाला लुटारू, दरोडेखोर. म्हणजे घोडा पुरुषाचा, तलवार पुरुषाची, लूटही त्यानंच केलेली. मराठीत येईतो घोडा गेला, तलवार गेली आणि शिवी तेवढी बाईच्या पदरात पडली! आपल्या शेजारच्या कन्नडात निदान 'जगळगंट' आणि 'जगळगंटी' असे दोन शब्द आहेत, भांडखोर बाप्याला एक आणि बाईला एक.

एका शब्दाचा एवढा कीस कशाला, असं म्हणाल. तर तो नेमका कधी बाहेर काढतात ते बघा. लेक माहेरी आली, चार दिवस राबून गेली, की गुणाची. तिनं वडिलांच्या जमिनीचा विषय काढला, की त्याच संध्याकाळी ती कजाग.

२००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. 'हिंदू' नाव आहे म्हणून तो आपला नव्हे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जैनांना तो लागू आहे, तसं कायद्यातच लिहिलंय. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो. कायदा बदलला तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तरी भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र येतंच. "आक्का, नुसती सही कर. माहेर तुटायला नको." मुकाट्यानं सही करणारी समंजस. कागद वाचून बघते म्हणणारी कजाग!

तिनं आपखुशीनं वाटा सोडला तर तो तिचा त्याग, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण माहेर बंद होईल हा धाक घालून सोडायला लावलं, तर त्याला त्याग कसं म्हणायचं?

अठरा पापस्थानं आपल्याला पाठ आहेत. त्यातला बारावा कलह बायकांना उठताबसता ऐकवतात. तिसरं अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घालणं. बहिणीचा वाटा दाबून वर तिलाच कजाग म्हणणाऱ्याच्या खात्यावर ही दोन्ही जमा होतात. ती मात्र कुणी ऐकवत नाही.

आणि बायांनो, हा शब्द पुरुषांपेक्षा आपल्याच तोंडी जास्त असतो. पुढच्या वेळी हळदीकुंकवाला कुणी कुजबुजली, "ती की नाही, भारी कजाग," तर मान डोलावू नका. एवढंच विचारा, तिनं कुणाचं काय लुटलं?