‘प्रोफेस’ आणि ‘प्रॅक्टिस’

आमच्या पुष्कळ घरांत एक पळवाट रूढ झाली आहे. भिंतीवर तथागतांची तसबीर, मुखी पंचशील, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म मात्र ‘हिंदू’! विचारावे तर उत्तर मिळते, “आम्ही धर्म पाळतो ना? मग कागदाचे काय मोठेसे?” या ‘पाळतो’ शब्दानेच घात केला आहे.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात ‘प्रोफेस’ व ‘प्रॅक्टिस’ ही दोन क्रियापदे शेजारीशेजारी आहेत. बोलताना आपण दोहोंनाही ‘पाळणे’च म्हणतो; परंतु कायद्याच्या मसुद्यात शब्दांची अशी उधळपट्टी होत नसते. ‘प्रॅक्टिस’ म्हणजे आचरण. वंदना, उपोसथ, विवाहविधी हे सारे त्यात आले, आणि ते चार भिंतींआडही होऊ शकते. ‘प्रोफेस’ म्हणजे अमुक धर्म माझा आहे, असे चारचौघांत उघड सांगणे. आमची जीभ अडखळते ती नेमकी येथे.

आता १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश पाहा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात यांपैकी एकच क्रियापद आहे, ते ‘प्रोफेस’. १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम या निवडणूक-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. राखीव जागेवरून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आलेल्या मेश्राम यांनी बौद्ध झाल्याचे जाहीर केले होते. अशा उघड घोषणेनंतर धर्मांतर विधिवत् झाले की नाही याची चौकशी व्यर्थ होय, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्यांची निवडणूक रद्द ठरली. म्हणजे मनातल्या मनात बौद्ध झालेल्याची जागा सुरक्षित, आणि उघड बोलला तो दंडास पात्र! न्यायालयाने शब्दाचा अर्थ बरोबरच लावला. मौनाला बक्षीस देणारा तो आदेशच अन्यायाचा होता. (दलित ख्रिस्ती व मुसलमान आजही त्याच क्रियापदाचा दंड भरीत आहेत, हेही विसरू नये.)

बौद्धांपुरता तो दंड १९९० च्या दुरुस्तीने संपला. हिंदू व शीख यांच्या जोडीला ‘बौद्ध’ हा शब्द आदेशात आला. तेव्हापासून सवलत जाईल ही सबब उरलेली नाही. उरली आहे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीड. तिला कायद्याचा बुरखा कशाला?

जनगणनेचा प्रगणक दारी येतो तेव्हा घरात वंदना होते काय, असे तो विचारीत नाही. धर्म कोणता एवढेच विचारतो. त्याला ‘बौद्ध’ सांगा, आणि त्याने तसेच लिहिले की नाही ते पाहून घ्या. शाळेच्या अर्जातही धर्माचा रकाना निराळा व जातीचा निराळा असतो. पहिल्यात ‘बौद्ध’ लिहिल्याने दुसऱ्यातील हक्क बुडत नाही.