काम सोडा, पण पानं लावून

ऑगस्ट संपत आला की पुण्या-मुंबईत दिवाळी अंकांची घाई सुरू होते. लेख उशिरा येतात, जाहिराती त्याहून उशिरा, आणि हा सगळा उशीर ज्याच्या माथी येतो तो मांडणीकार बहुतेक वेळा फ्रीलान्सर असतो. पानामागे दर ठरवून त्यानं काम घेतलेलं असतं. मध्येच त्याला नोकरी लागते, घरी आजारपण निघतं, किंवा ‘एवढंच जरा हलवा’ असं आठव्यांदा ऐकून डोकं फिरतं. काम अर्ध्यावर सोडायला कारणं हवी तेवढी असतात, आणि त्यातली बरीचशी रास्तही असतात. बोभाटा होतो तो सोडण्याच्या तऱ्हेमुळे. आधी फोन उचलणं बंद, मग ‘नेट नव्हतं’, मग काहीच नाही.

नाटकवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच मार्गी लावलाय. व्यावसायिक रंगभूमीवरचा नट नाइटवर काम करतो, म्हणजे तोही फ्रीलान्सरच. २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे तीच भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनीही केली. भक्ती बर्वे यांची ‘फुलराणी’ नंतर सुकन्या कुलकर्णी आणि अमृता सुभाष यांच्याकडे गेली. रिप्लेसमेंट ही नाटकाच्या धंद्यात शिवी नाही. जाणारा आधी सांगतो, येणारा प्रयोग बघून बघून जागा टिपतो, तालमी होतात. जाहीर झालेले प्रयोग पार पाडून मगच निघायचं, ही तिथली रीत. ती मोडणाऱ्याचं नाव निर्माते बरीच वर्षं लक्षात ठेवतात.

कायद्याची धास्ती मात्र अनेकांना नको तेवढी असते. करार मोडला तर कोर्ट मानेवर बसून काम करून घेईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. १८५२ साली जोहाना वॅग्नर या जर्मन गायिकेनं लंडनच्या एका नाट्यगृहाशी करार केलेला असताना जास्त पैशांसाठी प्रतिस्पर्ध्याकडे गायचं ठरवलं. तिला गायला भाग पाडता येणार नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. पण करारातल्या शब्दाप्रमाणे त्या मुदतीत दुसरीकडे गायलाही मनाई केली. आपल्याकडे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असाच मनाई हुकूम कायम ठेवला. तो होता कल्याणच्या कारखान्यातला पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या कंपनीत गेलेल्या एका सुपरवायझरविरुद्ध. तेव्हा ‘या काळात दुसऱ्याचं काम घेणार नाही’ असं लिहून दिलं असेल, तर जपून. मुदत संपल्यानंतरही हात बांधणारं कलम करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. आणि करारात छापलेला दंडाचा आकडा ही ७४व्या कलमानुसार वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाईच.

दिवाळी अंकाच्या मानधनासाठी कोर्टात जातंय कोण? खरा जाच पुढच्या माणसाला होतो. तो इनडिझाइनची फाइल उघडतो. मजकूर श्रीलिपीत, आणि तो फॉन्ट त्याच्या संगणकावर नाही; पानभर रोमन अक्षरं, आकडे नि विरामचिन्हं यांची खिचडी. चित्रं धूसर, कारण मूळ फाइली जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’. यातली संपादकांनी तपासलेली कोणती, देव जाणे. हे सगळं टाळायला फार तर अर्धा दिवस लागला असता: फाइली आणि चित्रं एका जागी, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, आणि सोबत एक तक्ता. कुठली पानं लागली, कुठली मुद्रितशोधनाला गेली, कुठल्या जाहिरातीसाठी जागा राखली.

मग पैसे. झालेल्या पानांचं बिल करावं, त्यातून उचल वळती करावी, आणि उचल जास्त निघाली तर उरलेली रक्कम मागण्याआधी परत करावी. याउलट बिल थकलं म्हणून फाइली अडवून ठेवायचा मोह होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरनं लिहून दिल्याशिवाय हक्क सहसा त्याच्याकडेच राहतात, त्यामुळे या मोहाला थोडा आधारही आहे. तरी तो आवरावा. लक्ष्मीपूजन उलटलं की त्या पानांची किंमत शून्य, आणि तंटा तेवढा उरतो. उद्यम नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्याचा रस्ता बरा: जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज.

काम सोडत असल्याचं पत्र चार ओळींचं पुरतं. शेवटची तारीख, तोवर काय हाती देणार, हिशेब काय, शंका विचारायला फोन कधी करावा. कारणाला एक वाक्य. ‘प्रकृतीमुळे’ अशी थाप मारू नये; हे क्षेत्र एवढंसं आहे, आणि नव्या नोकरीचा फोटो संपादकांनाही दिसतो. बदली माणूस सुचवायचा असेल तर आधी त्याला विचारावं. आपल्याला पानामागे किती मिळत होते, हेही त्याच्यापासून लपवू नये. नाहीतर तो बिचारा निम्म्यात ‘हो’ म्हणून बसेल, आणि पुढच्या दिवाळीला तोच आकडा सगळ्यांच्या तोंडावर फेकला जाईल.