पाया खणताना खापरं बघायला हवीत

माल उतरवणं, साठवणं आणि पुढे धाडणं हा भिवंडीचा आजचा मोठा धंदा. मानकोली, दापोडे, राहनाळपासून खाडीकाठच्या काल्हेर-कशेळीपर्यंत गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. याच उल्हास खाडीवरच्या कल्याण बंदरात दोन हजार वर्षांपूर्वीही माल चढत-उतरत होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल ही नावं आहेत आणि कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंदही आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याला पहिली पसंती होती. हे मद्य यायचं ते अँफोरा नावाच्या, दोन कानांच्या आणि निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांतून. म्हणून माझं म्हणणं असं, की या पट्ट्यात गोदामाचा पाया खणला जातो तेव्हा ती माती भरावाला जाण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून गेली पाहिजे, आणि तसा नियम हवा.

खापरांसाठी एवढा आग्रह का? नाणं हातोहात फिरतं, वितळवलं जातं. कापड कुजतं, धान्य संपतं. रिकामा झालेला परदेशी रांजण मात्र बहुधा माल पोहोचला त्याच परिसरात फुटतो, आणि त्याचे तुकडे कुणी उचलून नेत नाही. नेवाशाला 1954-56 मध्ये डॉ. ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, त्यात रोमन अँफोरांची खापरं मिळाली. समुद्रापासून इतक्या आत, प्रवरेच्या काठी. पुढे पश्चिम किनाऱ्यावरची अशी जाड परदेशी खापरं सरसकट ‘रोमन’ मानली जाऊ लागली. या शतकाच्या सुरुवातीला रोबर्टा टोम्बर यांनी भारतातले संग्रह पुन्हा तपासले, तेव्हा त्यातली बरीचशी इराक-इराणकडच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. या रांजणाला कान नसतात. खापर उलटं करून पाहिलं की आतल्या अंगाला काळा थर दिसतो. पातळ पदार्थ झिरपू नये म्हणून लावलेलं ते नैसर्गिक डांबर. घारापुरीच्या किनाऱ्यावर अशी खापरं मिळाली आहेत. श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या खापरांवरचं डांबर रासायनिक तपासणीत इराणमधल्या सुसा परिसराशी जुळलं. रोमचा व्यापार ओसरल्यावरही इराणी आखातातून शतकानुशतकं माल येत राहिला, हे चित्र अशा तुकड्यांमुळे ठळक झालं. कुणीतरी ही कुरूप खापरं फेकून न देता पेटीत जपून ठेवली होती, म्हणूनच ही दुरुस्ती होऊ शकली.

यावर पहिला आक्षेप असा, की खापर काय, कोकणात कुठेही निघतं. खरं आहे, आणि बहुतेक इथल्याच कुंभाराचं असतं. पण म्हणूनच सरावलेली नजर हवी. आतून डांबर लावलेला तुकडा तिला सहज वेगळा काढता येतो. भिवंडीच्या बाजूला कल्याणच्या व्यापाराचं काय मिळणार, असंही विचारलं जाईल. जुनं कल्याण आजच्या दाट वस्तीखाली दबलं आहे, तिथे मोठं उत्खनन आता अवघड. उघडी राहिलेली जमीन खाडीच्या या काठावरच आहे आणि तीही झपाट्यानं संपते आहे. राहिला कामाच्या खोळंब्याचा प्रश्न. गोदामं अडवावीत असं मी म्हणत नाही, त्यावर हजारोंची पोटं आहेत. पण 1958 च्या केंद्रीय कायद्यातली शंभर मीटरची बंदी फक्त संरक्षित स्मारकांभोवती लागू होते, आणि 1878 चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूचीच वर्दी मागतो. बिनमोलाचं खापर दोन्हींतून निसटतं. शिवाय काल्हेरची माती डंपरनं दुसऱ्या गावात भरावाला गेली, की तिच्यातलं खापर तिथे नसलेल्या बाजारपेठेची खोटी साक्ष देऊ लागतं. हे नुकसान नंतर कुणालाच भरून काढता येत नाही.

खड्ड्याचं ठिकाण आणि खोली, दोन-चार छायाचित्रं, आणि निवडलेली खापरं राज्य पुरातत्त्व विभागाकडे किंवा मुंबई विद्यापीठाकडे सोपवणं, एवढंच खाडीकाठच्या भूखंडांसाठी बंधनकारक करावं. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांत बांधकामाची परवानगी एमएमआरडीए देते, शहरात महापालिका. या दोघांनी परवानगीच्या अटींत ही एक अट येत्या पावसाळ्यानंतरची खोदकामं सुरू होण्याआधी घालावी.