न्हाणीघराला टाइल्स लावल्या, पण दिव्याचं काय?

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की आपण घराला हात घालतो. हल्ली त्यात पहिला नंबर लागतो न्हाणीघराचा. जुनी मोरी फोडून टाइल्स येतात, शॉवर येतो, गिझर येतो. गवंडी चांगला बघतो, टाइल्सचा रंग घरातल्या बायका पसंत करतात. दिव्याची वेळ आली की मात्र "लाव रे एक होल्डर" म्हणून विषय संपतो. आमचं म्हणणं एवढंच, की घरातल्या सगळ्या दिव्यांत जास्त विचार करून लावायचा दिवा हाच आहे.

कारण साधं आहे. ओलं अंग वीज लवकर ओढून घेतं आणि न्हाणीघरात माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. "बल्ब तर ९ वॅटचा, त्यानं काय होतंय?" असं म्हणू नका. बल्ब ९ वॅटचा असला तरी होल्डरमध्ये येणारा दाब २३० व्होल्टचाच असतो.

आता दिवा कुठला घ्यायचा? भारतीय मानक ब्युरोची आयएस ७३२ ही वायरिंगची संहिता आहे. तिच्यात न्हाणीघराचे भाग पाडले आहेत. शॉवरखालची जागा जमिनीपासून सव्वादोन मीटर, म्हणजे सुमारे साडेसात फूट उंचीपर्यंत जास्त जोखमीची. तिच्या बाजूची ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट जागा त्याखालोखाल. इथं उघडा होल्डर नको. पाण्याचे शिंतोडे आत जाणार नाहीत असा, काच आणि रबरी पट्टी असलेला बंद दिवा हवा. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. तो किमान ४ असावा. पाइपनं भिंती धुवायची सवय असेल तर ५ बघा. बटण न्हाणीघराच्या बाहेर बसवा. ते फेजच्या वायरवरच आहे याची खात्री करून घ्या. न्यूट्रलवर बटण असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. बल्ब बदलताना धोका आहे तो इथं.

दुसरी गोष्ट आरसीसीबीची. "आमच्याकडे एमसीबी आहे की," असं बरेच जण सांगतात. अहो, एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअर, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरपर्यंत वीज बिनदिक्कत जाऊ देते. माणसाच्या जिवाला धोका व्हायला त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. घरासाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळती झाली की क्षणात वीज तोडते. ती सारखी पडते म्हणून कुणी काढून टाकतं. पण ती पडते याचा अर्थ कुठंतरी वीज गळते आहे. गळती शोधा, राखणदाराला हाकलू नका. तिच्यावरचं 'टेस्ट'चं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि अर्थिंग नावापुरतं नको. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत जा.

तिसरी गोष्ट आपल्या खेड्यातली. २०१४ साली स्वच्छ भारत मिशन सुरू झालं, शौचालयाला १२ हजार रुपये मिळाले आणि अंगणात शौचालयं उभी राहिली. त्यात दिवा मात्र ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ओढला. घरातून निघालेली वायर पत्र्यावरून, कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळून नेलेली दिसते. वाऱ्यानं वायर पत्र्याला घासते, साल निघते आणि सगळा पत्राच जिवंत होतो. ही वायर पाइपातूनच न्या. तांब्याची, आयएसआय शिक्क्याची, दिव्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. गिझरची वायर जाड आणि वेगळी ठेवा.

खर्च वाढतो हे खरं. पण टाइल्स, नळ आणि मजुरीपुढं हा खर्च किरकोळ आहे, आणि टाइल्स बसल्यावर भिंत फोडण्यापेक्षा आधीच केलेला बरा.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, जाणत्या परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. गावात मात्र मोटार बांधणाराच घराची वायरिंग करतो. त्याच्या हातात कसब असेल, पण परवाना आहे का, हे कुणी विचारत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी परिसरातल्या परवानाधारक वायरमनची यादी फलकावर लावावी. घरकुलाची पाहणी करताना पाया-छताबरोबर अर्थिंग आणि न्हाणीघराचा दिवाही बघावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नजर लागते. आणि सुरुवात करायचीच तर शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या शौचालयापासून करावी. लोकांना सांगायचा अधिकार त्यातूनच येतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर बसवताना आपण दहा जणांना विचारतो. पोरंबाळं रोज आंघोळ करतात त्या जागेसाठी एका जाणत्या माणसाला तरी विचारा. पावसाळा लागायच्या आत एवढं काम उरकून टाका.