फाडफाड इंग्रजीचा धंदा

बीडला काय, अंबाजोगाईला काय, स्पोकन इंग्लिशच्या क्लासचं एक आश्वासन ठरलेलं: रोज दहा ॲडव्हान्स्ड शब्द पाठ करा, तीन महिन्यांत फाडफाड बोला! माझ्या भाच्याकडे अशाच एका क्लासची वही आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, तोही एकच. त्यात 'नोटोरियस' म्हणजे 'प्रसिद्ध'. आता हा गडी उद्या नोकरीच्या अर्जात 'माझे नोटोरियस वडील' असं लिहिणार. (दाजी, हसू नका, तुमच्याबद्दलच चाललंय.)

माझं भांडण कठीण शब्दांशी नाही. शब्द एकटा सुटा पाठ करायला लावण्याशी आहे. मराठीत आपण शपथ घेतो, पैज लावतो, मार खातो, शिव्या देतो. ही क्रियापदं कुणी यादीतून शिकवली? कुणी परप्रांतीय येऊन 'मी दोन भाकरी भक्षण केल्या' म्हणाला, तर शब्द चुकला असं म्हणता येणार नाही, पण सगळी पंगत हसेल. आपली पोरं मुलाखतीत नेमकं हेच करतात. समोरचा तोंडावर हसत नाही, एवढाच फरक.

आणि अडतं कुठे बघा. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी बारावी झालेल्या पोरापुढे बँकेचा कर्जाचा कागद ठेवा. 'सब्जेक्ट टू' आलं की तो म्हणतो, सब्जेक्ट म्हणजे विषय. 'अनलेस'पाशी अडखळतो, 'ड्यू' आणि 'वेव्ह'पाशी थांबतो. (हा वेव्ह लाटेचा नव्हे, माफ करण्याचा.) असल्या चार अक्षरी शब्दांवर माणसाचं रान गहाण पडतं. यादीत मात्र ते नसतात, कारण ते 'सोपे' आहेत!

मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज 1920 च्या दशकात ढाक्याला शिक्षकांचं महाविद्यालय चालवत होता. त्याने पाहिलं की बंगालातली बरीच पोरं शाळा मधेच सोडतात. मग त्याने विम्यातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. हप्ते मधेच थांबले तर हाती काय पडतं? इंग्रजी अर्धवट सुटलं तर त्या पोराच्या पदरात काय? यातून त्याने सोप्या, नेहमीच्या शब्दांतली वाचनपुस्तकं केली. पुढे 1953 मध्ये त्याची सुमारे 2000 सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी छापून आली. म्हणजे यादी त्यानेही केली, पण कुठली!

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याइतका कुणाला लागू आहे? दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आईबापामागे लेकरं जातात, शाळा तुटते. आठवीत सुटलेल्या पोराला औषधाच्या पाकिटावरचं 'बिफोर' आणि 'आफ्टर' कळलं, तरी काही मिळालं म्हणायचं.

आता कुणीतरी म्हणणार, अहो, स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात त्याचं काय? विचारतात, मान्य. एसएससी करणाऱ्याने तेवढ्यापुरते करावेत, मागच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून. पण त्याला इंग्रजी येणं म्हणू नये. अमेरिकेच्या जीआरईनेसुद्धा 2011 मध्ये सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं. आणि ज्या नॉर्मन लुईसचं नाव क्लासवाले घेतात, त्याचं 1949 चं पुस्तक उघडून तरी बघा. तो एक धातू घेतो, त्यातून निघालेलं अख्खं कुटुंब दाखवतो, मग वापरायला लावतो. उजवीकडे एक अर्थ लिहून मोकळा होत नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पुण्यामुंबईच्या पोराला जे घरात बसल्या बसल्या मिळतं, ते आपल्याकडच्या पोराला तीन महिन्यांत मिळेल असं सांगून त्याच्या बापाचे पैसे घेतात. भाच्याच्या क्लासचा प्रवेश अर्ज मी वाचला. सगळा इंग्रजीत. खाली बारीक टायपात: 'फीज वन्स पेड विल नॉट बी रिफंडेड अंडर एनी सर्कमस्टान्सेस'. खाली दाजींची सही. त्यातल्या 'वन्स'चा अर्थ त्या वहीत कुठेही नाही.