होळकरांच्या सुना

इंदूरच्या होळकर घराण्यात तीन पिढ्यांत चार सुना अमेरिकेतून आल्या. आजोबांनी एक आणली, मुलाने दोन आणि नातवाने एक. आमच्या शिरूर-दौंडकडच्या माणसाला हे सांगितले की तो आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कुठले होळकर? आपले?’ आपलेच. होळ हे गाव बारामती तालुक्यात, नीरेच्या काठी; दौंडच्या माणसाला ते काही परमुलूख नाही. पहिले यशवंतराव १७७६ साली ज्या वाफगावात जन्मले ते शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यात. आणि शिरूरचा घोडनदीवरचा पूल ओलांडला की जो जिल्हा लागतो, त्याला २०२४ पासून याच घराण्यातल्या एका सुनेचे नाव आहे.

अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्यांच्या सोयरिकींवर तिकडे पुस्तकांमागून पुस्तके निघतात. व्हँडरबिल्टांनी रेल्वेत पैसा केला आणि १८९५ साली आपली कॉन्सुएलो ही मुलगी इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोला दिली. मुलीच्या मनात दुसराच कोणी होता. आईने ऐकले नाही. हुंडा रेल्वेच्या शेअरांत मोजला गेला, आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. नावे बदलली तर ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही बड्या बागायतदाराच्या घरची वाटेल. पण आपल्या अंगणातून निघालेल्या घराण्याच्या सोयरिकींचा असा माग आपण काढत नाही. आपण लढायांचा माग काढतो. कोण कुठे पडला, कोणी कोणाची तोफ घेतली हे आपल्याला पाठ असते. बायको कुठली होती, हे विचारले की सगळे गप्प.

बँकेच्या नोकरीत शिरूरला आणि दौंडला मिळून काही वर्षे काढली. खातेदार वारला की वारसांचे अर्ज येत. त्या अर्जासोबत वंशावळ लागते. वरती मूळ पुरुष, खाली रेघा, रेघांच्या टोकाला मुलगे. मुलींची नावे असलीच तर कडेला, बारीक अक्षरात, आणि पुढे बहुधा लिहिलेले असे : ‘हक्क सोडला आहे.’ एकदा धनगरवस्तीवरची एक म्हातारी अंगठा द्यायला आली होती. फॉर्मवर लग्नापूर्वीच्या नावाचा रकाना होता, म्हणून तिला विचारले. ती जरा थांबली, नातवाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘ते आता कुनाला ठावं? मलाच आठवाया लागंल.’ रकाना कोराच राहिला. कोऱ्या रकान्याने कोणाचे काम अडत नाही, हे मला त्या नोकरीत कळले.

होळकरांची वंशावळ अशीच पट्टी धरून आखलेली मिळते : मल्हारराव, खंडेराव, मालेराव, तुकोजी, यशवंतराव... रेघ सरळ दिसते. प्रत्यक्षात ती जागोजाग तुटलेली आहे. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, मल्हारराव १७६६ साली गेले आणि नातू मालेराव पुढच्याच वर्षी. मल्हाररावांचा वंश पुरुषांच्या बाजूने तिथे संपला. पुढे आलेले तुकोजी त्यांच्या पोटचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात गादी दत्तकांवरून दत्तकांकडे गेली; दुसरे तुकोजीराव १८४४ साली गादीवर आले तेही दत्तकच. मग घराणे टिकले ते कशावर? माझे उत्तर सरळ आहे. ते सुनांवर टिकले.

पहिली सून गौतमाबाई. वडील खंडोजी लवकर गेल्यामुळे मल्हाररावांची आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे, भोजराज बारगळांकडे गेली. मल्हाररावांनी मामाची मेंढरे राखली आणि पुढे मामाचीच मुलगी केली. आपल्याकडे आजही लग्न जुळवताना पहिला हक्क मामाच्या लेकीचा मानतात, त्यातलाच हा प्रकार. पण गौतमाबाईंच्या नावे एक गोष्ट झाली, ती मात्र आपल्याकडे होत नाही. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांकडून त्यांच्या नावे स्वतंत्र जहागीर मिळाली. तिला ‘खासगी’ म्हणत. दौलत नवऱ्याची, खासगी बायकोची. हिशेब वेगळा, कारभार वेगळा. गौतमाबाईंची खासगी सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली.

अहिल्याबाईंचे घाट, मंदिरे, विहिरी, अन्नछत्रे यांविषयी शाळेपासून ऐकतो. काशीपासून सोमनाथपर्यंतच्या त्या बांधकामाला पैसा कुठून आला, हा माझ्यासारख्या हिशेबी माणसाला पडणारा प्रश्न. पुष्कळसा या खासगीतून आला. राज्याच्या तिजोरीला हात न लावता त्यांनी दानधर्म केला, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण हात न लावता करता आला, कारण सासूकडून आलेले स्वतःचे काही हाताशी होते. चौंडीच्या पाटलाची मुलगी मोठ्या मनाची होतीच. मोठ्या मनाला उत्पन्नाचीही जोड होती. हे दुसरे वाक्य आपल्या भाषणांतून गळते.

त्यांचेही दुःख सोयरिकीतलेच. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणशांना दिली होती. नातू गेला, १७९१ साली जावई गेला आणि आईने विनवूनही मुलगी सती गेली. नवऱ्याच्या वेळी सासऱ्याच्या शब्दाखातर स्वतः मागे राहिलेल्या बाईने हे डोळ्यांनी पाहिले. कादंबरी लिहिणाऱ्याला या प्रसंगाचा मोह पडतो. मी दोनदा कागद पुढे ओढला आणि दोन्ही वेळा बाजूला सारला.

आता जातीचा प्रश्न. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि या देवाच्या घरातच दोन जातींचा संसार आहे. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. धनगरवाड्यावर जाऊन मेंढरे राखून देवाने बाणाई आणली, हे वाघ्या-मुरळीच्या तोंडून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, टाळ्या दिल्या आणि घरी येऊन पोटजात जुळते का ते पाहिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तसे केले नाही. मराठा आणि धनगर यांच्यात सोयरिकी व्हाव्यात म्हणून त्यांनी सुरुवात आपल्याच घरातून केली. कागलच्या घाटगे घराण्यातली, त्यांच्या नात्यातली मुलगी त्यांनी इंदूरच्या युवराजांसाठी ठरवली. महाराज १९२२ साली वारले. लग्न १९२४ मध्ये झाले. तीच संयोगिताराणी.

लग्न झाले आणि वर्षभरात इंदूरवर गंडांतर आले. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूरच्या दरबारातून निघून गेलेली मुमताज बेगम त्याच्या मोटारीत होती. तिला परत न्यायला माणसे आली होती. ती बचावली, कारण गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी नेमके त्या रस्त्याने आले. खटला गाजला आणि महाराज तिसरे तुकोजीराव यांच्यापुढे चौकशी किंवा राजत्याग असा पेच ठेवला गेला. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. वंशावळीत मुमताजचे नाव कुठेच नाही. पण एका राजाला गादीवरून उतरवणारी बाई तीच. दरबारी भाषेत ती ‘पळाली’. मी म्हणेन, तिने नोकरी सोडली.

गादी सुटल्यावर तुकोजीरावांचे मन नॅन्सी अ‍ॅन मिलर या सिएटलच्या विशीतल्या मुलीवर बसले. घरात दोन राण्या होत्या. कायद्याची अडचण नव्हती, कारण हिंदू पुरुषाला तेव्हा कितीही बायका करता येत. अडचण धर्माची आणि जातीची. मार्च १९२८ मध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू करून घेतले. नाव ठेवले शर्मिष्ठा. हिंदू झाली, पण कुठल्या जातीची? तोही तोडगा निघाला. लांभाते या धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतले, म्हणजे सिएटलच्या मुलीला माहेर मिळाले, आणि त्या महिन्याच्या १७ तारखेला बडवाहला लग्न लागले. अमेरिकेतली वर्तमानपत्रे या लग्नाने भरून गेली. आपल्याकडेही तावातावाने लिहिले गेले.

या हकिकतीकडे मी पुनःपुन्हा जातो. जात जन्माने मिळते आणि मेल्याशिवाय सुटत नाही, असे आपल्याला घट्ट सांगितलेले असते. इथे ती काही दिवसांत, विधी करून, साक्षीदारांसमोर मिळाली. होमहवन झाले, ओटी भरली, झाली धनगर. राजाची इच्छा असली की शास्त्राला वाट सापडते. शेतमजुराच्या पोराने शेजारच्या आळीतली मुलगी आणली तर मात्र शास्त्र कडक होते आणि भावकी काठ्या घेऊन उभी राहते. शर्मिष्ठादेवींना चार मुली झाल्या. जगाने ‘चार दिवसांचा खेळ’ म्हणून हिणवलेला हा संसार टिकला. तुकोजीराव १९७८ साली पॅरिसमध्ये वारले.

मुलाची, दुसऱ्या यशवंतरावांची कथा अधिक झगझगीत आणि अधिक उदास आहे. ऑक्सफर्डला शिकलेला हा तरुण आणि संयोगिताराणी यांनी इंदूरला माणिकबाग बांधून घेतला तो एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून. ब्रांकुशी या शिल्पकाराचे तीन ‘पक्षी’ विकत घेतले. त्यांच्यासाठी मंदिर बांधायचे ठरले, ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. संयोगिताराणी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन तारुण्यात. मागे उषाराजे ही लहानगी मुलगी. बोतें द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या चित्रात मराठी वेशातली ही जोडी पाहिली की कागल आठवते आणि पॅरिसही. माणिकबागेत पुढे सरकारी करखात्याची कचेरी आली. आम्हा नोकरदारांना त्यात नवल वाटत नाही. चांगल्या इमारतींचे शेवटी असेच होते.

यशवंतरावांनी १९३८ मध्ये मार्गरेट लॉलर या अमेरिकन बाईशी लग्न केले. १९४३ मध्ये तो संसार मोडला आणि त्याच वर्षी फे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरे लग्न झाले. त्याही अमेरिकन. १९४४ मध्ये मुलगा झाला : रिचर्ड, म्हणजेच शिवाजीराव. आता सगळ्या संस्थानी रिवाजांप्रमाणे उत्तर ठरलेले असायला हवे होते. मुलगा आहे ना, मग तोच वारस. पण अमेरिकन आईचा मुलगा म्हणून त्याला गादी लाभली नाही. १९५० मध्ये भारत सरकारने वारस म्हणून उषाराजेंना मान्यता दिली आणि १९६१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर त्याच इंदूरच्या महाराणी झाल्या.

हा स्त्रियांचा विजय म्हणून मिरवायला मी तयार नाही. मुलगी चालली ती मुलगा ‘बाहेरचा’ म्हणून. जातीने इथे लिंगभेदावर मात केली एवढेच. बापाची बायको विधी करून धनगर होऊ शकली आणि मुलाच्या बायकोचा मुलगा मात्र वारस होऊ शकला नाही, यात तर्क शोधणे व्यर्थ. तरीही वारसाच्या कागदावर, सावत्र भाऊ असताना, बहिणीचे नाव लागले ही गोष्ट १९५० सालची आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. तरी आमच्या तालुक्यांत बहिणीला बोलावतात, पुरणपोळी करतात, साडी नेसवतात आणि गाडीत घालून हक्कसोडपत्राच्या सहीला नेतात. सही केली नाही तर माहेर तुटते. घोडकाठच्या आणि भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात एकरी किंमत जसजशी चढली, तसतशी साडी भारी होत गेली. दुसरा काही फरक मी पाहिला नाही. यात भाऊ दुष्ट असतो असेही नाही. बापाच्या आजारपणाचे कर्ज तोच फेडत असतो. पण बहिणीचे नाव आधी लागू द्यावे, मग तिला काय सोडायचे ते तिने सोडावे, एवढा क्रम तरी पाळता येईल.

आणि ती खासगी? संस्थाने विलीन झाली तेव्हा तिच्या मिळकती सरकारकडे गेल्या आणि धर्मकृत्यांसाठी सालिना २,९१,९५२ रुपये कायमचे बांधून दिले गेले. १९६२ मध्ये न्यास झाला. त्या न्यासाच्या ताब्यातल्या मिळकती विकण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा न्यास मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येतो. १७३४ साली एका बाईच्या नावे झालेल्या नोंदीचा निकाल २०२२ साली! व्याज किती झाले असते, हा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला आणि सोडून दिला.

चौथी सून सॅली. रिचर्ड होळकर अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांची भेट झाली. पुढे दोघे नर्मदेकाठी महेश्वरला आले. महेश्वरी साडी ही अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवलेली कला. त्या वेळी ती विझत चालली होती. १९७९ मध्ये या नवरा-बायकोंनी ‘रेहवा’ ही संस्था काढली आणि बायकांना मागावर बसवले. घाटाच्या पायऱ्यांवरची, किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठावर असते. (आपल्याकडे विणकराला साळी म्हणतात, सॅली नावाच्या बाईने मागाशी संसार मांडावा, हा योगायोग गमतीचा.) पुढे तो संसारही मोडला. पण सॅलीबाईंनी काम सोडले नाही. २००३ मध्ये त्यांनी ‘विमेनवीव्ह’ ही दुसरी संस्था उभी केली, तीही महेश्वरातच, आणि विणणाऱ्या बायकांना मजुरी स्वतःच्या हातात मिळू लागली.